थांबा, बाई बोलतेय

चिंचणीच्या त्या बाईचा जबाब मी अजून विसरलेले नाही. साठ सालानंतरची गोष्ट. मी पोलिसात शिपाई होते. बाईमाणसाचा जबाब असला की फौजदार मला बरोबर नेत. बाईच्या शेजारी बसायचं, मध्ये बोलायचं नाही, एवढंच माझं काम.

तिचा नवरा आदल्या संध्याकाळी घरातून गेला तो परतलाच नव्हता. तिच्या थोरल्या दिराने हरवल्याची नोंद केली. तेवढ्यात खबर आली, की तारापूरच्या बांधकामावरच्या एका मजुराशी त्याचं सायकलवरून भांडण झालं होतं. फौजदारांच्या डोक्यात घातपात बसला.

आम्ही त्यांच्या पडवीत बसलो.

"कुठे जातो म्हणाला?" फौजदारांनी विचारलं.

तिने पदर सारखा केला, श्वास घेतला. तेवढ्यात दीर म्हणाला, "काय नाय बोलला, सायब. चाय पिला नि निघाला."

"कोणाशी वाकडं होतं?"

तिचे ओठ उघडले. "त्यो मजूरच हाय, सायब! दुसरा कोन नाय," पुन्हा दीरच.

"हिला तोंड आहे की नाही?" फौजदार चिडले.

हवालदार हसला. "साहेब, प्रश्न संपायच्या आत उत्तर पाहिजे तर दिरालाच विचारा."

त्या घराची रीत होती. थोरला दीर बोलत असताना धाकटीने बोलायचं नाही. त्याचं झालं की जरा थांबायचं, मग हळू सांगायचं. पण दीर भेदरलेला होता, त्याचं बोलणं संपतच नव्हतं. आणि फौजदारांचं सगळं आयुष्य आरोपींशी बोलण्यात गेलेलं. उत्तराला वेळ लागला की ते लबाडी समजत.

ती पाच वेळा बोलायला आली आणि गप्प झाली. मी मोजलं. साहेबांचं झालं की त्यांना सांगू, हिला बोलायचंय, असं मी मनात म्हटलं. साहेबांचं झालं तेव्हा जीप सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजुराला चौकीत आणलं. "साब, झगड़ा हुआ था, फिर साथ में चाय पी," तो एवढंच सांगत राहिला. त्याने दोन थपडा खाल्ल्या. दीरही तिथेच होता. मला तिच्यावर नजर ठेवायला घरी पाठवलं.

ती तांदूळ निवडत होती. मीही सुपाला हात लावला. मला मुळात बोलायला जड जातं, म्हणून काही विचारलं नाही. अर्धं सूप झालं तेव्हा तिने मान वर केली.

"बाई, माजी कळशी पडली हाय. पल्याडच्या वाडीच्या विहिरीत."

मी थांबले.

"मालक मुंबईला ऱ्हातो, वाडीला कुलूप हाय. ह्ये बोलले व्हते, कुंपनावरनं जाईन नि काढून देईन. पन त्ये चार दिसांआधी बोलले व्हते. त्याच सांजेला गेले का, मना ठाव नाय. भावोजींना सांगाया गेले, तर त्ये बोलले, आता गप ऱ्हा."

मी चौकीपर्यंत पळत गेले.

विहिरीला पाणी गुडघाभर होतं. तिचा नवरा आत भिंतीला टेकून बसलेला होता. एक पाय मोडला होता, कळशी मांडीवर होती. कुठलीही मारहाण नव्हती. डॉक्टर म्हणाले, आज पहाटेपर्यंत जीव असावा.

मजुराला सोडलं. त्याची माफी कोणी मागितली नाही.

पंचनामा झाल्यावर फौजदार तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुला काही सांगायचं आहे का?" सगळे थांबले. दीर तोंडावर पंचा धरून उभा होता, तोही थांबला. मग ती माझ्याकडे वळली.

"काल तुमी माज्याकडं बघत व्हत्या, बाई."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

पोलिसात माणसाला बोलतं कसं करायचं ते शिकवतात. कोण बोलायच्या बेतात आहे ते ओळखायला कोणी शिकवत नाही. ते मला येत होतं आणि मी गप्प बसले. चौथी शिकलेल्या शिपायाने साहेबांना अडवायचं नसतं, असं मी धरून चालले होते. नंतरच्या नोकरीत मी किती तरी जबाबांना बसले. कोणाचे ओठ उघडलेले दिसले की म्हणत असे, "साहेब, थांबा, बाई बोलतेय." काही साहेब ओरडले, काही थांबले. दर वेळी हेच कळलं, की एवढं म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागत नाही.