हेजचाचा

हेजचाचा पत्ता सांगताना रस्त्याचा नंबर कधी सांगत नसत. "चौकोनी कण्हेरीच्या पुढं, गोल कण्हेरीच्या अलीकडं," एवढंच म्हणत आणि माणूस बरोबर पोचत असे. साठच्या दशकातलं अहमदी म्हणजे तेल कंपनीनं कुवेतच्या वाळूत वसवलेलं इंग्रजी गाव. बंगले, हिरवळ, क्लब, चार वाजताचा चहा. प्रत्येक बंगल्याला कातरून सारखं केलेलं झाडांचं कुंपण. साहेबलोक त्याला 'हेज' म्हणत. यातली बहुतेक कुंपणं रत्नागिरीकडच्या या माळ्याच्या हातची.

कुठल्या बंगल्यात आधी कोण राहून गेलं, कुठल्या मडमेचे गुलाब जगले नाहीत, सगळं त्यांना पाठ होतं. "इंग्रजाला वाळवंट चालतं, उघडं अंगण चालत नाय," असं त्यांचं मत.

मी तिथल्या कचेरीत टायपिस्ट होते. रजेचे अर्ज माझ्याकडूनच पुढे जात. चाचांचा अर्ज कधी आला नाही. "साहेबाला तोंड हाय, मना तोंड हाय. कागद कशाला?"

एका दुपारी मात्र ते गुडघा चोळत माझ्या टेबलापाशी येऊन बसले. त्यांना हजला जायचं होतं. तीन वर्षं ते साहेबांना विचारत होते. साहेब दर वेळी खूश होऊन हो म्हणत आणि नवं काम लावून देत. आधी बंगल्याची डावी बाजू, मग मागची, आता अख्खा क्लब. काम उरकेपर्यंत हजचे दिवस निघून जात.

"गुडघं हायत तवर जावचा हाय, बाय."

साहेब इतका दुष्ट मला वाटला नव्हता. मी विचारलं, "चाचा, तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणता?"

ते उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सर, आय वाँट हज."

माळ्याच्या तोंडून 'हेज'शिवाय दुसरं काही ऐकायची साहेबाला सवयच नव्हती. मी हसले नाही. यात्रेकरूंची बस पंधरा दिवसांवर आली होती. अर्ज टाइप केला, त्यात मक्केचं नाव ठळक घातलं आणि चाचांना घेऊन आत गेले. वाचता वाचता साहेब कानापर्यंत लाल झाला. त्यानं सही केली आणि क्लब राहू दे म्हणाला.

चाचा परतले तेव्हा साहेबाच्या बंगल्याची कण्हेर डोक्याच्या वर गेली होती. त्यानं दुसऱ्या कुणाला कात्री लावू दिली नव्हती. चाचा वैतागले, मग हळूच म्हणाले, "पन माझी वाट बघलान."

पुढे ते कायमचे गावी निघाले, तेव्हा साहेब निरोपाला आला. हात हातात घेऊन हाजी म्हणाला की हेजी, मला काही कळलं नाही. मी चाचांनाच विचारलं.

"आता काय पन म्हणू दे, बाय," ते म्हणाले. "मी जाऊन आलो."