टपावरची गाठ

मोठ्या भावाने धाड गावच्या मिस्त्रीकडून जीप उंच करून आणली, त्या दिवशी त्याने नारळ फोडला, बोनेटला हळदकुंकू लावलं आणि पुढे लिंबू-मिरची टांगली. जणू घरात नवी सून आली होती. शेताच्या वाटेवर गाडीचं पोट घासायचं, हे मान्य. पण तेवढ्यासाठी स्प्रिंगचे जादा पाटे आणि लोखंडी ठोकळे घालून गाडी वीतभर उचलायची? खरं कारण वेगळंच होतं. गावातल्या दोन पोरांच्या गाड्या उंच झाल्या होत्या आणि चाळिशी ओलांडलेल्या या माणसाला ते पाहवेना.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. वाकून पाहिलं, तर ब्रेकची नळी ताणून कडक झालेली. तेवढं बोललो.

"काऊन बे मास्तर, गाडी मी चालवतो का तू?" भाऊ म्हणाला.

मायचे गुडघे आधीच गेलेले. तिचा पाय आता पायरीपर्यंत पोचेना. मग घरातला प्लास्टिकचा स्टूल कायमचा गाडीत आला. बाजाराला जाताना स्टूल खाली ठेवायचा, मायने माझ्या खांद्याला धरून, लुगडं सावरत, चारचौघांसमोर वर चढायचं. भाऊ तोवर आरशात पाहून भांग पाडायचा. त्या भांगाची मला अजून किळस येते.

पुढे नवंच लचांड निघालं. पाटे इतके कडक झाले, की रिकामी गाडी दणादण उडायची. मिस्त्री म्हणाला, वजन टाका. आत तर माणसं बसणार, म्हणून वजन टपावर! वाळूची चार पोती कॅरिअरवर चढली आणि गाडी खरंच मऊ चालू लागली. लोक येऊन कौतुक करून गेले. "आता कशी पालखीवानी चालते!" हा शहाणपणा आमच्याच गावाला सुचू शकतो.

आता लाज वाटते ते सांगतो. ती पोती मी बांधली. त्याच आठवड्यात वर्गात फळ्यावर गुरुत्वमध्य काढला होता. जड भाग जितका वर, तितकी वस्तू लवकर कलंडते, हे पोरांकडून घोकून घेतलं होतं. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "मार गाठ, लय बोलू नको." आणि मी गाठ मारली. घरात भांडण नको, एवढंच माझं विज्ञान.

बाजार करून परतताना वळणावर शेळी आडवी आली. भावाने स्टिअरिंग मारलं. वेग काही फार नव्हता. आधीची गाडी असती तर हेलकावा खाऊन सरळ झाली असती. ही तिरकी झाली आणि तशीच, सावकाश, आडवी पडली. मला खरचटलं, भावाला तेवढंही नाही. माय खालच्या बाजूला होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

भाऊ बाहेर आला तो आधी गाडीभोवती फिरला. "त्या शेळीवाल्याले सोडत नाई मी," म्हणाला. मी टपाकडे पाहिलं. चारही पोती जागच्या जागी होती. गाठ पक्की बसली होती.

बुलढाण्याला ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी भाऊ मायला न्यायला आला. तीच गाडी, तीच उंची, ताजी लिंबू-मिरची. टप तेवढा रिकामा. त्याने स्टूल मांडला आणि म्हणाला, "चढ माय."



माय वॉकर धरून उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्याले नव्हतं समजत. तुले तं समजत होतं ना बापा?"