सैल पट्ट्यांची जाळी

वळ गावात केसरीनाथ केणेला स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अजून भेटायचा आहे. लग्नात जेवायला बसला तरी दोन घास खाऊन उठायचा, कारण समोरच्या टेबलाचा पाय लटपटत असायचा आणि ते त्याला बघवायचं नाही. खिशात कायम एक पाना. मयताला गेला तरी. लोक हसायचे, पण आपल्या दाराची कडी निसटली की पहिली हाक त्यालाच मारायचे.

बावीस वर्षं त्याने भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. फिटरचा जन्म आवळण्यात जातो. जे सैल झालं ते आवळायचं, पुन्हा सैल झालं की पुन्हा आवळायचं. मग वळच्या शेतांवर गोदामं चढत गेली आणि केण्यांच्या जमिनीवरही एक चढलं. थोरला भाऊ बाळाराम म्हणाला, "आता कशाला हात काले करतंस? भाडा येतंय, बस खात." बाळारामला बसून खाणं फार सुरेख जमलं. केसरीनाथला ते चार दिवसही जमेना. कारखाना सुटला, पण हातांना ते कोणी कळवलं नव्हतं. दिवसभर घरात फिरायचा, हे उघड, ते खोल. शेवटी त्याची बायको हौसा वैतागून म्हणाली, "काय तरी करायचाच हाय तर नलाचा करा. त्या नलाने माजा जीव घेतलाय."

वळच्या नळाचं पाणी म्हणजे एक तऱ्हाच होती. एक दिवसाआड तासभर यायचं. आधी नुसती हवा यायची, खडखड करत, मग गढूळ पिचकारी, मग पाणी. भांड्यात कमी आणि लुगड्यावर जास्त. बाजारात नळाच्या तोंडाला लावायची जाळी मिळते, ती आणली की आठ दिवसांत रेतीने आणि गंजाने बुजायची. बायका ती काढून फेकायच्या आणि तोंडाला फडकं बांधायच्या.

केसरीनाथने हे प्रकरण अंगावर घेतलं आणि त्याला सहा वर्षं पुरलं. लुमावर धागे वेगळे ठेवणाऱ्या जुन्या फणीतल्या पोलादी पट्ट्या त्याने काढल्या, भिवंडीतल्या एका लेथवाल्याकडून पितळी कड्या करून घेतल्या, आणि कडीच्या आत पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या बसवल्या. पाणी त्या पट्ट्यांमधून खाली उतरलं की सरळ धार. शिंतोडा नाही. पण पंधरा दिवसांनी हेही बुजायचं. मग तो पट्ट्या आणखी घट्ट बसवायचा, अंतर बदलायचा, पुन्हा लावायचा. पुन्हा बुजायचं. घरातला एक डबा बुजलेल्या जाळ्यांनी भरला, मग दुसरा.

२००३ च्या उन्हाळ्यात एकदा एक जाळी ठोकता ठोकता लाइट गेली. पट्ट्यांची वरची टोकं ठोकून झाली होती, खालची ठोकायची राहिली होती. तशीच त्याने मोरीतल्या नळाला फिरवून लावली आणि विसरला. महिन्याने लक्षात आलं, की स्वयंपाकघरातली बुजली, अंगणातली बुजली आणि मोरीतली धडधाकट चालते आहे. त्याने नळ सोडला आणि कान लावला. पट्ट्या आत थरथरत होत्या. हवा आली की खडखडायच्या आणि अडकलेली रेती आपसूक झटकून टाकायच्या. सैल होत्या म्हणूनच. ज्याने बावीस वर्षं आवळण्यात घालवली त्याला हे कळायला लाइट जावी लागली. तो मोरीतच ओल्या फरशीवर बसून हसला.

बाळारामला दाखवलं तर तो म्हणाला, "यान काय मोठा? ठोकायचा ऱ्हायला न् चालला. कोनालापन सुचला असता."

हे वाक्य केसरीनाथला लागलं. भाऊ वाईट नव्हता. त्याला सगळंच सोपं वाटायचं, कारण त्याने काही करून पाहिलेलं नव्हतं. पण गावभर तेच सुरू झालं. जाळी बघायचे, फिरवायचे, "असा हाय होय, सोपाच हाय" म्हणून परत द्यायचे. केसरीनाथला पैसा नको होता, भाडं होतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. ज्याला यातलं कळतं अशा कोणीतरी एकदा म्हणावं, की नाही, हे कोणालाही सुचलं नसतं. त्या वाक्यासाठी तो तळमळत होता म्हटलं तरी चालेल.

त्याचं मोल ओळखलं ते पहिल्यांदा हौसाने, आणि तिच्या पद्धतीने. पुढच्या संक्रांतीला, म्हणजे २००४ च्या जानेवारीत, हळदीकुंकवाला काय वाण लुटायचं यावर तिचं अडलं होतं. प्लॅस्टिकच्या वाट्या देऊन देऊन ती कंटाळली होती. "या साली तुमची जाली देते," ती म्हणाली. केसरीनाथने आठ दिवस खपून त्रेचाळीस जाळ्या केल्या. त्रेचाळीस सवाष्णी तिळगूळ आणि पितळी जाळी घेऊन घरी गेल्या, आणि त्या संक्रांतीचं हळदीकुंकू गावात गाजलं. बाया रस्त्यात थांबवून हौसाला सांगायच्या, की तुजी जाली अजून चालतेय हां. हौसाचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

पेटंट हा शब्द घरात आला तो दीड वर्षाने. गोदामाच्या भाडेकरू कंपनीच्या मॅनेजरने जाळी पाहिली आणि भिवंडीतल्या एका शिक्षकाच्या मुलाचं नाव सांगितलं. अनिमेष त्याचं नाव. मुंबईत पेटंटचे अर्ज करून द्यायचं काम करायचा. पोरगा हुशार आणि सरळ. त्याने चित्रं काढून घेतली, सगळं इंग्रजीत लिहून काढलं आणि शेवटी नेमाने विचारलं, "काका, हे आधी कुठे विकलंय का? बाजारात, दुकानात?"

"एक पन इकली न्हाय," केसरीनाथ म्हणाला.

खोटं बोलला नाही तो. हळदीकुंकू हा बायकांचा विषय. त्यात विकणं कुठलं आणि बाजार कुठला? ते त्याच्या डोक्यातही आलं नाही. ऑगस्ट २००५ मध्ये अर्ज गेला.

मग वाट बघणं. वाट बघणं हे या माणसाला शिक्षेसारखं. दोन वर्षांत त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्या बदलल्या, चांगल्या चालणाऱ्यासुद्धा. २००७ च्या शेवटी परीक्षण अहवाल आला. अनिमेषने मराठीत समजावून सांगितलं: तपासनीसांनी दोन जुने परदेशी कागद काढले आहेत. एकात नळाच्या तोंडात पक्क्या पट्ट्या बसवल्या आहेत. दुसऱ्यात रबरी तोंड आहे, ते बोटाने दाबलं की अडकलेला मळ सुटतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या तर तुमची जाळी होते, आणि त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचण्यासारखं आहे.

"म्हंजे बालारामच बोलला," केसरीनाथ म्हणाला आणि उठून येरझाऱ्या घालू लागला. "हा जानकार मानूस कोन?"

"कोणी खराखुरा नाही, काका. कायद्यातला माणूस आहे. धंद्यातलं सगळं माहीत असलेला, पण अफाट डोकं नसलेला."

"मंग तो मीच," केसरीनाथ म्हणाला.

मार्च २००८ मध्ये सुनावणीला बोलावलं. आदल्या आठवड्यात केसरीनाथ एकटाच ग्रामपंचायतीत गेला आणि एक काम करून आला. अनिमेषला त्याने ते सांगितलं नाही; सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्याला वाटलं नाही. शाळेत घालायचं तर दाखला, मीटर घ्यायचा तर दाखला. सरकारी कामाला दाखल्याशिवाय जातं कोण?

पेटंट कार्यालयातली खोली थंड आणि शांत होती. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी, नीरजा मॅडम, चाळिशीच्या असतील. अनिमेष इंग्रजीत बोलू लागला, आणि केसरीनाथ खुर्चीत असा चुळबुळू लागला की शेवटी मॅडमनीच विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का? मराठीत सांगा."

तो उभाच राहिला. "म्याडम, तुमी कागदान जानकार मानूस लिवलाय, तो मी हाय. बावीस साल फिटर. मना इचारा त्याला काय सुचतंय. पट्टी हालली का तो पयला पाना काढतो. सहा साल मी आवलतच व्हतो. ते परदेशी कागदानपन आवललेलीच हाय, बगा. जानकाराला सैल सोडाचा सुचत न्हाय, म्याडम. सैल म्हंजे त्याला बिघाड. लाइट गेली म्हनून मना दिसला, न्हायतर मीपन मेलो असतो आवलून आवलून."

मॅडमनी पहिला परदेशी कागद पुन्हा उघडला. एक ओळ त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. मग जाळी उचलून कानाशी हलवली. पट्ट्या खुळखुळल्या.

"यात तर लिहिलंय, की पट्ट्या अजिबात हलता कामा नयेत," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं. हे वाचणारा माणूस तुमच्या उलट दिशेने गेला असता. हे कोणालाही सुचलं नसतं."

केसरीनाथचे डोळे भरून आले. पाच वर्षं ज्या वाक्यासाठी तो घर खालीवर करत होता, ते या बाईंनी पाणी पिण्याइतक्या सहज म्हटलं होतं. अनिमेषने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. तिथेच थांबायला हवं होतं. पण थांबणं हे या माणसाच्या पत्रिकेत नव्हतं. त्याने आनंदाने पिशवीत हात घातला आणि दाखला काढून मॅडमसमोर ठेवला. सरपंचाची सही, गोल शिक्का.

मॅडमनी वाचला. दाखला देण्यात येतो की, वळ येथील रहिवासी श्री. केसरीनाथ केणे यांनी बनवलेली नळाची जाळी गावातील त्रेचाळीस घरांत संक्रांत २००४ पासून वापरात असून समाधानकारक चालत आहे. खाली त्रेचाळीस नावं.

वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "हे खरं आहे?"

"शंभर टक्के!" केसरीनाथ म्हणाला. "एकपन बुजली न्हाय. आमचे मंडलीनी वान लुटला व्हता."

अनिमेषने डोळे मिटून घेतले. मग सावरून म्हणाला, की ती चाचणी होती. मॅडम म्हणाल्या, चाचणीला कायदा अर्जाआधीचं एक वर्ष देतो, इथे एकोणीस महिने होतात. आणि वाणाला चाचणी म्हणायला मन धजत नाही. अर्जाच्या आधी वस्तू लोकांच्या वापरात असेल तर ती नवीन राहत नाही. कितीही मोठी अक्कल तिच्यात असली तरी. "हा कागद मी वाचलाच नाही असं मला करता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

बाहेर आल्यावर अनिमेष म्हणाला, "काका, मला आधी दाखवायचंत हो."

केसरीनाथ खिशातला पाना चाचपत चालत राहिला. त्याला पेटंटचं आता काहीच वाटत नव्हतं. ते वाक्य त्याला मिळालं होतं, आणखी काय हवं होतं? त्याच्या छातीत धडकी भरली होती ती हौसाची. गेली तीन वर्षं ती गावभर सांगत होती, की माजे वानाची जाली सरकारान गेलीय. आता तिला कळणार, की त्या वाणानेच घात केला. ती एकदा रडेल आणि मग जन्मभर मनात ठेवील. कोणाच्या घरी कुंकू लावायला गेली तरी तिला तेच आठवेल.

निकालाचं पत्र यायला सव्वा महिना लागला. त्या सव्वा महिन्यात केसरीनाथला काय करू आणि काय नको असं झालं होतं. पोस्टमनची सायकल दिसली की तो रस्त्यावर. हौसा समजूत घालायची, "व्हईल हो, एवढा काय जिवाला लावून घेता." त्यावर तो आणखीच भिरभिरायचा.

पत्र आलं तेव्हा ओट्यावर हौसा तांदूळ निवडत होती आणि बाळाराम चहा पीत होता. केसरीनाथने पाकीट फोडलं. इंग्रजी त्याला अडखळत का होईना वाचता यायचं. कुठली ओळ शोधायची ते तर अनिमेषने आधीच समजावून ठेवलं होतं. पहिल्याच पानावर होती ती. सदर कल्पना जाणकार व्यक्तीस सहज सुचण्याजोगी नाही. त्याखाली वाणाचा परिच्छेद आणि नकार.

"काय लिवलाय?" हौसाने सूप खाली ठेवलं.

तो कागदाकडे बघत राहिला. नजर पहिल्या पानावरून हलत नव्हती. मग म्हणाला, "न्हाय बोलले. लिवलाय, यान काय इशेष न्हाय. कोनालापन सुचला असता."

"मी पयल्यापासून काय सांगत व्हतो?" बाळाराम म्हणाला. दुष्टपणाने नव्हे, आपलं बरोबर आलं म्हणून.

हौसा थोरल्या दिरासमोर कधी आवाज चढवायची नाही. त्या दिवशी चढवला. "कोनालापन सुचला असता, तर मंग इतकी वरसां कोनाला का न्हाय सुचला? कोन ती बाई? तिला नलाचा काय कलतंय? तिचे घरी पानी तरी भरलाय का तिनी कदी?"

"जाऊ दे," केसरीनाथ म्हणाला. "शिकलेली मानसां. त्यांचा बरोबर असल."

हौसाने काही जाऊ दिलं नाही. अजूनही नळाला पाणी आलं, खडखडलं आणि सरळ धार पडायला लागली, की ती त्या मुंबईच्या म्याडमचा उद्धार करते, अगदी सात पिढ्यांपर्यंत. गावात कोणी विचारलं तर केसरीनाथ हसून सांगतो, की सोपंच होतं, कोणालाही सुचलं असतं. ते त्याला आता सवयीने जमतं. हौसाच्या त्या शिव्या मात्र त्याला ऐकवत नाहीत. त्या सुरू झाल्या, की तो उठून बाहेर निघून जातो.