बायोडाट्यातले तीन इंच

भाऊ घरून गेला, त्याला नऊ दिवस झाले होते. अकोटच्या वाटेवर पूर्णेच्या काठी कोणाचा तरी एक पाय सापडला, बाकी काहीच नाही, म्हणून मला आणि बाबांना पोलिसांनी दर्यापूरहून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात बोलावलं.

डॉक्टरांनी पाय दाखवला नाही. "पाण्यात राहिलाय, ओळखू येणार नाही," म्हणाले. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत त्यांनी माप घेतलं होतं. त्यावरून माणसाच्या उंचीचा अंदाज निघतो म्हणे. "हा माणूस पाच फूट पाच, फार तर सात इंच. तक्रारीत तुमचा मुलगा पाच-नऊ आहे. बहुतेक तो नसावा."

बाबा खुर्चीतच ढसाढसा रडले. "पावला रे देवा!" आणि लगेच आईला फोन लावायला व्हरांड्यात गेले.

तो पाच-नऊ मात्र माझाच होता. पोलीस ठाण्यात उंची विचारली तेव्हा बाबांनी पिशवीतून भावाच्या लग्नाचा बायोडाटा काढून दिला, फोटोही त्यातच होता. बाबांच्या लेखी कागदावर छापलं ते खरं. त्याआधी एका स्थळाने 'मुलगा ठेंगणा' म्हणून नाक मुरडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि मी बसल्या बसल्या त्यात तीन इंच वाढवून टाकले होते. सगळेच वाढवतात. भाऊ हसला होता, "ताई, आता टाचेचे बूटबी तूच घेऊन दे मले!"

"चूप बस रे, टेप घेऊन कोन येऊन राहिलं?" मी म्हटलं होतं.

खरं सांगते, मला गप्पच बसायचं होतं. आई नऊ दिवसांनी दोन घास जेवली असती. पण तो पाय त्याचा असला तर बेवारस म्हणून तिथेच राहिला असता.

"डॉक्टर, माझा भाऊ पाच-सहा आहे. बायोडाट्यात मी खोटं लिहिलं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मग डीएनए तपासणीसाठी वडिलांचं रक्त घ्यावं लागेल. बोलवा त्यांना."

मी बाहेर आले. बाबा फोनवर हसतही होते, रडतही होते. "अवं, आपला पोरगा उंच हाय नं, म्हून तो नाई! शिरा कर, आमी येऊन राहिलो."

मला पाहून त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. "सांग तुह्या मायले, तूच सांग."