लिफ्ट नाही, पूर्णविराम

"तिसरा रविवार गेला, एकही फोन नाही," साळुंके काका सोमवारी काउंटरवर पेपर टाकत म्हणाले.

नव्वदच्या दशकात मी द्वारका चौकाजवळच्या एका जाहिरात एजन्सीत घरांच्या छोट्या जाहिराती लिहायचो. काकांना गंगापूर रोडचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकून तळमजल्यावर घर घ्यायचं होतं. काकूंचे गुडघे गेले होते. चार महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या.

छोट्या जाहिरातीचा दर ओळीवर असतो. म्हणून आम्ही स्वल्पविराम, पूर्णविराम काढून मजकूर कोंबायचो. काकांचं अख्खं घर मी चार ओळींत बसवलं होतं: 'सुवर्णसंधी प्रशस्त हवेशीर दोन बेडरूम तिसरा मजला लिफ्ट नाही बोअर पार्किंग शाळा जवळ त्वरित संपर्क'. वर स्वतःवर खूशही होतो.

आदल्या दिवशीच सलूनमध्ये शेजारचा माणूस घरांच्या जाहिराती मोठ्याने वाचत होता. आमच्या जाहिरातीत अर्ध्यावरच त्याला दम लागला. "जाऊ द्या, पुढची बघू," म्हणाला. मी शेजारीच तोंडाला साबण फासून बसलो होतो. आता काकांसमोर लाज वाटली.

ओळी चारच ठेवल्या. 'सुवर्णसंधी', 'प्रशस्त', 'हवेशीर', 'त्वरित संपर्क' कापले. त्या जागी विरामचिन्हं आली. 'दोन बेडरूम. तिसरा मजला. लिफ्ट नाही. बोअर, पार्किंग. शाळा जवळ.'

एजन्सीच्या साहेबांनी प्रूफ पाहिलं. "लिफ्ट नाही हे असं सुटं कशाला? गर्दीत खपून जात होतं की!"

"म्हणूनच कोणी येत नाहीये, साहेब."

"तुमची जबाबदारी," म्हणाले आणि सही केली.

रविवारी एकच फोन आला. निफाडचे एक द्राक्षबागायतदार, मुलांच्या शाळेसाठी घर शोधत होते. जिने चढून आले, घर पाहिलं आणि तिथेच हो म्हणाले. मी विचारलं, "लिफ्ट नाही, चालेल ना?"

"पोरं पळत चढत्याल. आन् नाय ते आधीच सांगितलंय, मंग बाकीचं बी खरं आसंल. लय घरं बघितली, समदे लपवत्यात."

ताबा द्यायच्या दिवशी शेजाऱ्यांनी काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं. रस्त्यावर पाय टेकल्यावर त्या रडल्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "एवढं सोपं होतं, तर पहिल्याच रविवारी का नाही लिहिलंत?"

पुढे निवृत्त होईपर्यंत जागा कमी पडली की मी विशेषणं कापली, पूर्णविरामाला हात लावला नाही. काकूंचे तीन रविवार मात्र गेले ते गेलेच.