भैरूअण्णांचा एक तास

इटलीहून येऊन तीन आठवडे झाले तरी माझा राग उतरलेला नाही. सोसायटीतल्या बायका विचारतात, "कशी झाली ट्रिप?" मी सांगते, "छान झाली. तुम्ही जाऊ नका." त्यांना वाटतं, बाई नेहमीसारखं खोचक बोलतायत. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी, खोचक बोलणं नोकरीतच मुरलं. पण हा राग खराखुरा आहे. आणि ज्यांच्यापायी तो आहे, ते भैरूअण्णा बराटे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. म्हणून मलाच बोलायला हवं.

वारज्याच्या गावठाणाला लागून आज जिथे अकरा मजली इमारत उभी आहे, तिथे अण्णांच्या वडिलांची ज्वारी डोलायची आणि कडेला अण्णांचं गॅरेज होतं. इमारत झाली, अण्णांच्या वाट्याला फ्लॅट आले, मुलगा सार्थक म्हणाला, "आता आराम करा." अण्णांनी तळमजल्यावरचा एक गाळा मागून घेतला आणि पुन्हा गॅरेज थाटलं. वय अडुसष्ट. डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर ग्रीसच्या बोटांचे ठसे. हाताखाली येईल ती दुचाकी नीट करतात, पण जीव एकाच गाडीत. जुनी गिअरची स्कूटर. माझी शहाऐंशी सालची स्कूटर अजून रस्त्यावर आहे ती त्यांच्यामुळे. नवी घेतली तेव्हा किक बसायची नाही, आणि कोपऱ्यावरची पोरं दात काढायची. अण्णांनी मला एकदाच दाखवलं. स्कूटर आधी अंगाकडे कलंडवायची, दोन श्वास तशीच धरायची, मग सरळ करून किक. "कलंडवल्याबिगर पेट्रोल खाली उतरत न्हाई, बाई." निम्म्या पुण्यानं रोज सकाळी हेच केलं, आणि निम्म्या पुण्याला ते का करतो हे ठाऊक नव्हतं. अण्णांना ठाऊक होतं.

याच स्कूटरच्या कारखान्यात लागावं म्हणून ते तरुणपणी तीनदा आकुर्डीच्या बाजूला गेले होते. सातवी नापास माणसाला कोण आत घेणार? तिन्ही वेळा फाटकावरूनच परत. पुढे हजारो स्कूटरी त्यांनी उघडल्या, पुसल्या, जोडल्या. पण ती जन्माला कशी येते, पत्र्याची घोडी कशी होते, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. मग आपल्याकडे ती स्कूटर बनायचीच बंद झाली.

मी नाताळात इटलीच्या टूरला जाणार म्हटल्यावर त्यांनी प्लग घासता घासता विचारलं, "तितं जाती का गाडी? मूळ गावाला?" ही स्कूटर मुळात इटलीची, पिसाजवळच्या एका गावात तिचा पहिला कारखाना, आणि आता तिथे म्हणे संग्रहालय आहे, हे त्यांनी कुणा गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. मी फोनवर नकाशा काढून दाखवला. फ्लॉरेन्सहून पिसाला जाणारा मोठा रस्ता त्या गावाला खेटूनच जातो. अण्णा नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढायला टाकला. त्यांच्या बायकोला, प्रेमलावहिनींना, विमानाची धास्ती, त्या नको म्हणाल्या. टूरच्या ऑफिसातल्या मुलीनं फॉर्मवर 'विशेष विनंती' म्हणून ते गाव लिहून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "नक्की करू, काका." बाहेर आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, मी आहे ना बरोबर. गाडी थांबवायची जबाबदारी माझी."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

आमचा टूर मॅनेजर प्रज्ञेश. पस्तिशीचा, गळ्यात शिट्टी, हातात माइक, आणि माइक असला की थांबायचं नाही असा पण केलेला. त्याचे नियम होते. बसच्या जागा रोज बदलायच्या. साडेसातला जेवण, तेही वरण, जिरा राइस आणि पनीर, मग खिडकीबाहेर अख्खं फ्लॉरेन्स दिव्यांनी लखलखत असलं तरी चालेल. जो उशिरा येईल त्यानं दंड म्हणून माइकवर गाणं म्हणायचं. आणि कार्यक्रमात काही बदल करायचा तर बसमध्ये हात वर करून मत घ्यायचं. "आपल्याकडे लोकशाही आहे, मंडळी!"

चोवीस डिसेंबरची सकाळ. अण्णा इस्त्रीची कोरी टोपी घालून सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसले होते. बुटांना पॉलिश. संग्रहालय त्या दिवशी दुपारी एकला बंद होणार होतं आणि नंतर नाताळची सुट्टी. आम्ही पंचवीसला रोमला निघणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. रस्त्याला लागल्यावर मी प्रज्ञेशला आठवण दिली. त्यानं फॉर्म पाहिला, डोकं खाजवलं आणि माइक तोंडाशी नेला.

"मंडळी, आपल्या भैरूकाकांची एक इच्छा आहे. वाटेत एका गावात स्कूटरचं म्युझियम आहे. एक तास लागेल. तेवढा पिसातला वेळ कमी होईल. काय करायचं?"

"स्कूटर?" पुढच्या सीटवरून उत्कर्षा हसली. आयटीतली, नवऱ्याबरोबर आलेली. "आमच्या पप्पांची पार्किंगमध्ये पडून आहे. काका, परत गेल्यावर ती बघा ना, फुकट!"

बस हसली. अण्णाही कसनुसे हसले. ते हसले याचा मला जास्त राग आला.

"थांबायचं असेल त्यांनी हात वर करा," प्रज्ञेश म्हणाला.

अडतीस माणसांत एक हात वर आला. अण्णांचा.

तुम्ही विचाराल, आणि तुमचा? सांगते. माझी नात शेफाली बंगळुरूला असते. तिनं बजावून ठेवलं होतं, "आजी, टॉवरला हातानं टेकू देतानाचा फोटो पाहिजे म्हणजे पाहिजे." पिसातला वेळ कमी झाला तर तो फोटो राहील, असं त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात आलं. आणि मी, जिनं जबाबदारी घेतली होती ती मी, मान खाली घालून पर्समध्ये चष्मा शोधत बसले. चष्मा माझ्या नाकावर होता.

अण्णांचा हात तसाच वर होता. "ठीक आहे काका, खाली घ्या," असं प्रज्ञेश म्हणाला तेव्हा तो खाली आला. त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाच मिनिटांनी खिडकीबाहेर त्या गावाच्या नावाची पाटी गेली. अण्णांनी काचेवरची वाफ टोपीच्या कडेनं पुसली आणि पाटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

पिसाला दहा वाजता पोचलो. पावणेबाराला बसतळावर हजर राहायचं होतं. मी मनोऱ्यासमोर उभी राहिले, उजवा पंजा उघडून हात वर केला, आणि उत्कर्षाच्या नवऱ्यानं, सुदर्शननं, सहा फोटो काढले. "थोडा अजून वर, मावशी. परफेक्ट!" मला माझीच लाज वाटत होती, पण सहाव्या फोटोत मी हसलेय.

गुडघे बोलायला लागले म्हणून मी लवकर परतले. अण्णा बसजवळच उभे होते, ते मनोरा बघायला गेलेच नव्हते. बसतळाच्या कडेला एक म्हातारा इटालियन जुन्या हिरव्या स्कूटरला किक मारून मारून घामाघूम झाला होता. अण्णांनी तीन-चार किक पाहून घेतल्या, मग त्यांना राहवेना. पुढे होऊन त्यांनी खुणेनं विचारलं, स्कूटर हातात घेतली, कलंडवली, दोन श्वास धरली, सरळ केली. एक किक. इंजिन धडधडायला लागलं. म्हातारा आधी स्कूटरकडे आणि मग अण्णांच्या टोपीकडे बघत राहिला.

अण्णांनी स्कूटरवर हात ठेवून त्या गावाचं नाव घेतलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं मागच्या सीटवर थाप मारली, माझ्या घड्याळाचा काटा अर्ध्या तासानं पुढे फिरवल्याची खूण केली. चला, म्हणत होता. नेतो तुम्हाला. तेव्हा वाजले होते साडेअकरा.

"जा, अण्णा," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. "मी सांगते प्रज्ञेशला."

अण्णांनी सीटवरून हात फिरवला. खूप वेळ. मग हात काढून घेतला.

"न्हाई, बाई. सदतीस माणसं खोळंबतील माज्यापायी. बरं दिसत न्हाई ते."

म्हाताऱ्यानं खांदे उडवले, त्यांचा हात दाबला आणि तो निघून गेला.

पावणेबारा वाजले. बसमध्ये आम्ही नऊ जण. बारा वाजले, चौदा. सव्वाबाराला प्रज्ञेश शिट्टी वाजवत स्टॉलच्या रांगेकडे धावला. सदतीस सभ्य, सुशिक्षित माणसांपैकी निम्मी तिथे चामड्याच्या पर्स हुंगत होती, दगडी मनोऱ्यांची किंमत पाडत होती, नाताळबाबाच्या टोप्या घालून सेल्फी घेत होती. शेवटची दोघं, उत्कर्षा आणि सुदर्शन, बसमध्ये चढली तेव्हा बाराला चाळीस मिनिटं होऊन गेली होती. हातात पाच पिशव्या.

मी गणित शिकवलेली बाई आहे. अण्णा साडेअकराला निघून बाराला पोचले असते. दहा मिनिटं डोळे भरून पाहिलं असतं. परत अर्धा तास. बारा चाळीस. अण्णा गेले असते तरी बस एक मिनिटही खोळंबली नसती.

मी ताडकन उठले. त्या सगळ्यांची बिनपाण्यानं करायची होती. शाळेत एकदा आवाज चढवला की शेजारचा वर्गही गप्प व्हायचा, तो आवाज घशाशी आला होता. तेवढ्यात अण्णा मान वळवून माझ्याकडे बघायला लागले. नुसते बघत होते. मी कुठल्या तोंडानं बोलणार होते? मी खाली बसले.

"उशीर करणाऱ्यांना दंड!" प्रज्ञेश माइकवर ओरडला. "सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं!" त्यांनी म्हटलं. टाळ्या वाजवून, सीटवर ताल धरून. फ्लॉरेन्सला परतताना एक वाजून पाच मिनिटांनी ती पाटी पुन्हा आली, या वेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत. बस गात होती. अण्णा जागेवरून उठले आणि पाटी मागे पडेपर्यंत वरची दांडी धरून उभे राहिले. "व्वा, काका पण नाचणार!" उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि अजून मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पुढे रोम झालं. वरण आणि जिरा राइस झाला. अण्णांनी कुणाची तक्रार केली नाही, कुणाची बॅग जड असली तर उचलून दिली. उत्कर्षाचीसुद्धा.

परवा माझी स्कूटर चालू होईना. महिनाभर थंडीत उभी होती. ढकलत गॅरेजवर नेली. अण्णांनी प्लग काढला, घासला, फुंकर मारली. घरून निघतानाच माफी मागायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ केली होती.

"अण्णा, त्या दिवशी बसमध्ये..."

"फोटू धाडला का नातीला?" ते मध्येच म्हणाले.

"हो."

"बगू."

मी फोन दिला. त्यांनी हात फडक्याला दोनदा पुसले, फोन कडेनं धरला आणि डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मी हसत होते त्यात, उजवा पंजा उघडून.

"हात चांगला वर गेलाय की, बाई," अण्णा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात दिला.

मग त्यांनी माझी स्कूटर कलंडवली, दोन श्वास धरली, सरळ केली आणि किक मारली. पहिल्याच किकला सुरू झाली.