गुलाबी साळूबाई

सिल्वासात त्या काळी घरोघरी धाग्याचा कचरा असायचा. घरातलं माणूस कंपनीतून आलं की शर्टाला चिकटून तो यायचा. कितीही झाडला तरी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी केसात सापडायचाच. आमच्या खोलीतल्या गोष्टींचंही तसंच झालंय. मी काही त्या मुद्दाम जमवल्या नाहीत. पण चार मैत्रिणी बसल्या, चहा झाला, की कोणीतरी म्हणतं, "तो चपलेचा किस्सा सांग ना," आणि मग एकातून दुसरा निघतो. शेवटी जेवायची वेळ टळते आणि आमचे यजमान आतून भांडी वाजवायला लागतात.

खोली म्हणजे दमयंतीबेनच्या दवाखान्यामागची खोली. दमयंतीबेन मुलांच्या डॉक्टर, वलसाडकडच्या, बोलायला फटकळ. नव्वदच्या आसपासची गोष्ट. कारखाने भराभर उभे राहत होते, धुळे-जळगावकडून माणसं कामाला येत होती आणि त्यांची मुलं बेनकडे पोटदुखी घेऊन येत होती. तपासलं तर पोटात काही नसायचं. गाव सुटलं, आजी सुटली, शाळेत भलतीच भाषा, बाप नाइट शिफ्टला, हे सगळं पोटात जाऊन बसलेलं असायचं. मी मुंबईत मानसशास्त्र शिकलेली, यजमानांच्या सरकारी बदलीमुळे तिथे येऊन पडलेली, आणि दिवसभर पडदे शिवत बसण्यात मला काडीचाही रस नव्हता. बेन मला म्हणाल्या, "माझ्याकडे दवा आहे, टाइम नथी. तुझ्याकडे टाइम आहे. बस मागच्या खोलीत."

तिथे मी गोष्टी सांगायची. तोच उपचार. गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचं आणि मुलांना विचारायचं, "आता हिला कसं वाटत असेल?" भिंतीवर मी चार चेहरे काढले होते: हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला. माझी चित्रकला यथातथाच, त्यामुळे रागावलेल्याला मुलं खुशाल 'सुपरवायझर' म्हणायची. खोलीचा नियम एकच होता आणि तो मी येताजाता म्हणायची, "बोलायचं नसेल तर नको बोलू. बोट दाखव."

* * *

पहिल्याच आठवड्यात खडोलीच्या एका कंपनीतले गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोरगं झोपेत दचकून उठायचं. बेननी तपासलं आणि सांगितलं, याला औषध नको, घरी रोज एक गोष्ट सांगा. गृहस्थांनी मान डोलावली, दारापर्यंत गेले, थबकले आणि परत आले.

"मॅडम, जेवणाआधी का जेवणानंतर?"

बेननी मानसुद्धा वर केली नाही. "झोपताना. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायची नाही. कोर्स पूरा करायचा."

गृहस्थ बिचारे महिनाभराने पुन्हा आले. मुलगा छान झोपत होता. आता थोरल्याला ताप होता, त्याला कोणती गोष्ट चालेल असं विचारत होते.

* * *

आमच्याकडे खेळणी विकत घ्यायची सोय नव्हती. मालतीमावशी, म्हणजे दवाखान्यातल्या आया, अमळनेरच्या. त्यांनी कंपनीतून वेस्टेजचा धागा आणवला आणि जुन्या मोज्यावर टाचून बाहुल्या केल्या. हातात घालून बोलवायच्या. मी सांगितलं, साळू करा, काटेवाली. मुलांना राग म्हणजे काय ते शिकवायला काटे फार उपयोगी पडतात.

साळू झाली झकास, पण त्या आठवड्यात कंपनीत गुलाबी रंगाचा माल चालू होता. दुसरा रंग मिळेना. गुलाबीच साळू घेऊन मी मुलांसमोर बसले. मुलं हबकली. एक म्हणाला, साळू अशी नसते, मी रानात बघितलीय. आता काय सांगायचं? मी म्हणाले, ती नवीन जागी आलीय ना, म्हणून लाजलीय.

मुलांना हे लगेच पटलं. पंचाईत एवढीच झाली की पुढे चार-सहा महिने मुलं रोज येऊन आधी तिचा रंग तपासायची आणि मला रागावायची, "बाई, अजून लाजतेय. तुम्ही तिला नीट समजावत नाही."

* * *

सुमन याच सुमारास आली. सहा वर्षांची, शिरपूरकडची. वडील भिकाभाऊ धाग्याच्या कंपनीत, आई चिंधाबाई. चिंधाबाई सांगत होती की पोरीचं घरात तोंड मिटत नाही, घरात अहिराणीचा नुसता कारखाना चालू असतो. पण उंबरा ओलांडला की एक अक्षर नाही. शेजारणीशी नाही, दुकानदाराशी नाही. शाळेत नाव घालायला नेली तर मोठ्या बाईंनी नाव विचारलं, आणि ही जमिनीकडे बघत उभी. मोठ्या बाई म्हणाल्या, मुकी मुलगी आम्ही घेणार नाही. निदान नाव तरी सांगू द्या, मग जूनमध्ये बघू.

भिकाभाऊंनी ठरवून टाकलं होतं. जूनपर्यंत पोरगी बोलली तर ठीक, नाहीतर मायलेकी गावी जातील आणि ते एकटे खोलीवर राहतील. हे सांगताना चिंधाबाई पदराशी चाळा करत होती. तिला जायचं नव्हतं, हे कळायला मानसशास्त्र लागत नव्हतं.

मी सुमनसाठी एक गोष्ट रचली. साळूबाई नव्या जंगलात येते. तिची बोली कुणाला कळत नाही, म्हणून ती अंगाचा गोळा करून बसते. मग साळूबाईने काय केलं? तिथे मी थांबायची आणि शेवट मुलांवर सोडायची. बाकीची मुलं नाना शेवट करायची. सुमन फक्त बघायची. मी म्हणायची, बोलायचं नसेल तर नको बोलू, बोट दाखव. मग ती घाबरलेल्या चेहऱ्याकडे बोट दाखवायची. दर वेळी तोच चेहरा.

* * *

रमण दुधनीचा. वडील धरणात मासे धरायचे. रमणला राग आला की हातात असेल ते समोरच्याच्या डोक्यात. त्याच्यासाठी साळूबाईची रागाची गोष्ट होती: काटे उभे राहिले की साळूबाई झाडामागे जाऊन बसते, काटे खाली बसले की परत येते. रमणला ती इतकी आवडली की त्याने ती तीनदा सांगायला लावली. मी घरी जाऊन यजमानांना म्हटलं, आज काहीतरी जमलं.

दोन दिवसांनी त्याच्या शाळेतले गुरुजी आले, लालबुंद. गणिताच्या तासाला रमण उठून बाहेर गेला आणि चिंचेमागे जाऊन बसला. गुरुजी बोलवायला गेले तर म्हणाला, "काटे अजून बसले नाय." शाळा सुटेपर्यंत काही ते बसले नाहीत.

बेन गुरुजींवर खो खो हसल्या. पण पुढच्याच आठवड्यात एका औषध कंपनीच्या माणसाशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्या ताडकन उठून मागच्या अंगणात गेल्या. बाहेर पेशंटची ही गर्दी. कुणीतरी विचारलं, डॉक्टर कुठे? बाकावर बसलेल्या रमणने अगदी शांतपणे सांगितलं, "बेन झाडामागे हाय. काटे बसले का येल."

आणि खरं सांगते, बेन झाडामागेच होत्या.

* * *

चपलेचा किस्सा राहिला. वाटून घ्यायला शिकवायचं म्हणून साळूबाई मुंगसाला अर्धी बोरं देते अशी गोष्ट सांगितली होती. त्यानंतर कुणी अर्धी पोळी दिली, कुणी अर्धा खडू. मी खूश. संध्याकाळी एका सुपरवायझरची बायको मुलाला ओढत घेऊन आली. पोराच्या एकाच पायात नवी कोरी चप्पल. दुसरी त्याने मित्राला दिली होती, अर्धं अर्धं म्हणून. मित्राच्या घरी गेलो तर तोही लंगडी घालत अंगणात फिरत होता आणि फार आनंदात होता.

बाईंनी मला विचारलं, हे कुणी शिकवलं? मी साळूबाईला पाठीमागे लपवलं.

* * *

मुलांच्या वडिलांनीही कधी खोलीत येऊन गोष्ट सांगावी असा माझा हट्ट होता. कुणी येत नसे. एका सकाळी भिकाभाऊ आले, नाइट शिफ्ट करून थेट, शर्टाला धागे तसेच. त्यांना खरं तर मला एवढंच सांगायचं होतं की आता मे आला, पोरगी काही बोलत नाही, गावी पाठवतो. मी म्हटलं, आलाच आहात तर एक गोष्ट सांगून जा. बिचारे नाही म्हणू शकले नाहीत. साळू हातात घातली आणि सतरंजीवर बसले.

त्यांची साळूबाई कंपनीत कामाला होती. रात्रभर मशीनपाशी उभी राहायची. सकाळी तिला झोप यायची, पण खोलीवर पाणी भरायचं असायचं, पोरीला शाळेत घालायचं असायचं. बोलता बोलता भिकाभाऊंचा आवाज बारीक झाला, मान खाली गेली, आणि साळू हातात तशीच ठेवून ते बसल्या जागी झोपले. मी हळूच विचारलं, "आता साळूबाईला कसं वाटतंय?" सगळी भिंतीकडे बघायला लागली. हसरा नाही, रडका नाही, सुपरवायझर तर नाहीच. बोट ठेवायला चेहराच नव्हता.

मग सुमन उठली. माझ्या हातातला खडू घेतला आणि चार चेहऱ्यांच्या शेजारी पाचवा काढला. डोळ्यांच्या जागी दोन आडव्या रेघा, तोंड जरा उघडं. भिकाभाऊ जागे झाले ते ओशाळून. त्यांनी भिंतीकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि गावी पाठवायचं बोलायला आले होते ते न बोलताच निघून गेले. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही. मी झाडामागे जाऊन आले.

* * *

पण न बोलल्याने निर्णय थोडाच बदलतो! जून तोंडावर आला. मोठ्या बाईंनी सोमवारचा शेवटचा दिवस दिला होता. चिंधाबाईने सामान बांधायला घेतलं. शुक्रवार सुमनचा खोलीतला शेवटचा दिवस. मी मनात कितीतरी तयारी केली होती, काय सांगायचं, कसं विचारायचं. आणि नेमका आदल्या दिवशी माझा घसा बसला. दोष उन्हाचा नव्हता. कुणाच्या तरी वाढदिवसाला मी हावरटासारखं आइस्क्रीम खाल्लं होतं. बेननी घशात टॉर्च मारला आणि फर्मान काढलं, आठ दिवस तोंड बंद. एक शब्द काढलास तर खोलीला कुलूप.

शुक्रवारी मी साळू हातात घालून मुलांसमोर बसले. तोंड उघडलं तर नुसती हवा. मुलं वाट बघतायत. मी हातवारे केले, साळूला नाचवलं, काही जमेना. रमण म्हणाला, बाईंना बोलता येत नाय. कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्यात चिंधाबाई दारात येऊन उभी राहिली, हातात गावाची पिशवी, पोरीला न्यायला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभर बडबडले, आणि आज जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा मी मुकी.

सुमन माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग ती उठून पुढे आली, माझ्या हातातली साळू काढून घेतली आणि स्वतःच्या हातात घातली. माझ्याच जागेवर बसली. मी बसते तशीच, मांडी घालून, पदर सारखा केल्यासारखं करून.

"एक व्हती साळूबाई. ती नव्या गावले उनी."

घोगरा, बारीक आवाज. रमणने तोंडात बोट घातलं. सुमन मात्र थांबेना. जंगल झालं, बोली न कळणं झालं, गोळा करून बसणं झालं, माझे शब्द, माझं मध्येच खाकरणं, सगळं जसंच्या तसं, फक्त अहिराणीतून. मी जिथे थांबायची तिथे मात्र ती थांबली नाही.

"मंग तिनी माय बोलनी, चाल गावले. साळूबाई बोलनी, नही. आठेच ऱ्हासूत."

इथेच राहू. चिंधाबाईने हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

गोष्ट संपली होती, पण सुमनच्या हिशेबी नव्हती. तिने साळूचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, बाई, तुले कसं वाटस? मी तोंड उघडलं तर पुन्हा नुसती हवा. सुमनने जरा वाट बघितली. मग भिंतीकडे मान करून मला अगदी समजुतीने म्हणाली,

"तुले बोलानं नही ते नको बोलू. बोट दखाड."